बारा तिकिटं आणि कौतिकामावशीची ओळ

अन्याय झाला तो लाखनीपलीकडच्या आमच्या गावातल्या धानाच्या रोवणीच्या टोळीवर. टोळीत बाया बारा. झाला कधी, तर आषाढातल्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, फोनवर. करणारं ठिकाण म्हणजे नागपूरजवळचं एक मोठं वॉटर पार्क. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला. पाळणे, घसरगुंड्या, खोट्या लाटा, सगळ्याचे पैसे बायांनी आधीच भरले होते. सहल सोमवारची होती. ती थोडी पुढे ढकला, एवढंच मागणं होतं. उत्तर आलं की तारीख बदलायची तर पूर्ण दोन दिवस आधी कळवावं लागतं, आता तिकिटं बाद.

याचं पत्रक मी त्याच दुपारी लिहिलं. भंडाऱ्याला आमच्या संघटनेत पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आहे, आणि दीड पानात कोणत्याही साहेबाची झोप उडवता येते असा माझा अनुभव आहे. पण टोळीची म्होरकी कौतिकामावशी काही दीड पानात बसेना. म्हणून हे वेगळं लिहायला घेतलं.

कौतिकामावशी कुठूनही निघते ती उलटी निघते. म्हणजे तोंड आत आणि पाय बाहेर. आमच्या घराला लागून तिचं घर आहे, त्यामुळे मी हे लहानपणापासून बघते आहे. चहाला आली की जाताना आमच्याकडे बघत, बोलत, एकेक पाऊल मागे टाकत अंगण ओलांडते आणि बरोबर स्वतःच्या दारात जाऊन थांबते. एसटीतून उतरते तीही उलटी. कंडक्टर ओरडतात. ती त्यांच्याकडे बघत बघत उतरते.

कारण साधं आहे. रोवणीत बाया वाकून ओळीनं उभ्या राहतात, हातातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चिखलात खोचतात आणि एक पाऊल मागे सरकतात. परत खोचतात, परत सरकतात. समोर हिरवं होत जातं, मागे चिखल उरतो. मावशीचा सगळा जन्म यात गेला. तिला विचारलं तर म्हणते, "पुढं चालनाऱ्याले काय दिसते? पुढचं. मागं सरकनाऱ्याले केलेलं काम दिसते."

एकदा मजुरीच्या प्रश्नावर आम्ही तहसील कार्यालयावर मोर्चा नेला. निवेदन मावशीच्या हातून द्यायचं ठरलं. तिनं ते दिलं, हात जोडले आणि साहेबांच्या डोळ्यात बघत मागे मागे सरकत अख्खी खोली पार केली. साहेबांना वाटलं, एवढा मान. ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले. मी बाहेर येऊन मावशीवर भडकले. म्हटलं, मावशी, आपण निषेध करायला आलो होतो.

"मंग? निषेधच केला न," ती म्हणाली. "तोंड त्याच्याकडंच ठेवलं. पाठ नाई दाखवली."

यावर आमच्या संघटनेत अजून चर्चा चालू आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळ. मावशीला ओळीबाहेरचं काही दिसत नाही. टोळीत कोण कुठे उभी राहणार हे ठरलेलं असतं. धुऱ्याकडून, म्हणजे शेताच्या बांधाकडून, पहिली मावशी, तिच्या शेजारी शकुनकाकू, आणि असं पार दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. तीच ओळ ती जगभर लावत फिरते. लग्नाच्या पंगतीत बाया त्याच क्रमानं बसणार. राशनच्या दुकानात त्याच क्रमानं उभ्या राहणार. एसटीत मधेच कोणी पाहुणा येऊन बसला तर मावशी त्याला गोड बोलून उठवते. कोणी मधेच काही सांगायला गेलं की तिचं एकच वाक्य, "ओळीत या, मंग बोला."

टोळीत आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या बाया आहेत आणि वरच्या आळीतल्या कुणब्यांच्या, तेल्यांच्याही आहेत. घरी पाण्याचे माठ वेगळे असतील, चिखलात ओळ एकच. या ओळीतला एक नियम मला फार उशिरा कळला. टोळीत कोणी नवी असली, बाळंतपणातून उठलेली असली, मनानं खचलेली असली, की तिला मधात घेतात. दोन्ही बाजूच्या बाया आपापली जागा लावता लावता तिच्या वाटचे थोडे थोडे पऱ्हे लावून टाकतात. ती मागे पडत नाही आणि धुऱ्यावर उभ्या मालकाला काही कळत नाही. सध्या मधात वनमाला आहे, नाव मी बदललं आहे. वय माझ्याएवढंच. गेल्या श्रावणात तिचा नवरा तापानं गेला. तेव्हापासून ती कामाला येते, हात चालवते आणि कोणाशी फारसं बोलत नाही.

तर या टोळीला वॉटर पार्कला जायचं होतं. मी आधी विरोधच केला होता. म्हटलं, मावशी, पावसाळाभर गुडघाभर पाण्यात उभ्या राहता, आणि आता पैसे देऊन पाण्यात उभं राहायला जाता? ही तर बाजाराची लूट आहे.

"ते पानी मालकाचं व्हय," मावशी म्हणाली. "हे आपलं."

तिकिटं मीच मोबाईलवरून काढून दिली.

आता तो रविवार. मी सहलीसाठी आदल्या दिवशीच गावी आले होते. सकाळी मावशी आमच्या दारात आली आणि म्हणाली, "पत्रकवाले, तारीख पुढं ढकल. पलीकडच्या गावच्या तलावाचं पानी सुटून राहिलं. मालकाचा निरोप आला. उद्या रोवनी."

"एक दिवस नाही का थांबणार?"

"पऱ्हे पिवळे पडून राहिले त्याचे. पानी काय माह्या बापाचं हाय, थांब म्हनाले?"

"मग ज्यांना जमतं त्या जातील."

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी एसटीतून सरळ उतरले. "जाईन त बारा जाईन," ती म्हणाली. "नाई त बाराही नाई. तू फोन लाव."

मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. यंत्रातली बाई बोलली, "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

मावशीचा चेहरा उजळला. "पाह्य. यायच्यातही ओळ हाय." मग फोनजवळ वाकून तिनं विचारलं, "बाई, आमच्या डाव्या बाजूले कोन हाय व?" यंत्रात गाणं सुरू झालं. "गानंही लावते. आमच्या मालकानं कदी नाई लावलं."

गाणं संपलं आणि खरा मुलगा बोलायला आला. मी प्रश्न मांडला. तो म्हणाला, मॅडम, पॉलिसी आहे, दोन दिवस आधी. मी म्हटलं, अहो, तलावाचं पाणी कधी सुटेल हे दोन दिवस आधी तुम्हाला कोणी सांगतं का?

तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पाणी रोजच असतं."

त्यानंतर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मावशी मात्र त्याला शेवटी एवढंच म्हणाली, "बाबू, जेवून घे, आवाज खोल गेला तुहा." "आपला दिवस शुभ असो" म्हणून त्यानं फोन ठेवला.

पत्रकाचं शीर्षक मी दिलं, 'पाणी नोटीस देऊन येत नाही'. लाखनीला महामार्गावर चहाच्या टपऱ्यांवर वाटलं. एका ट्रकवाल्यानं ते काचेला आतून चिकटवलं आणि ते रायपूरकडे निघून गेलं. कोणीतरी त्याचा फोटो काढून पार्ककडेही पाठवला असावा, कारण थोड्याच दिवसांत तिथल्या मॅनेजरचा स्वतःहून फोन आला. ताई, कष्टकरी महिला आहेत म्हणून एकदाच तारीख बदलून देऊ, महिनाअखेरच्या आतली. त्यानंतर तिकिटं संपली. फक्त तलावाचं पाणी सुटल्याचा लेखी दाखला आणा.

मला हा विजय वाटला. दाखला काय, आणते.

पलीकडच्या गावच्या तलावाच्या गेटची किल्ली गुलाबभाऊंकडे असते. पाणी वापर संस्थेचे ते अध्यक्ष, आणि किल्ली त्यांच्या करदोड्याला बांधलेली. मी गेले तेव्हा ते ओसरीवर जेवत होते.

"कोनतं पानी म्हनता ताई?"

"आषाढातल्या शेवटच्या रविवारी सुटलं ते."

त्यांनी घास ठेवला आणि कमरेला हात लावून बघितलं. "किल्ली त इथंच हाय. मी झोपलो तरी ते सुटत नाई. त्या हप्त्यात गेट उघडलंच नाई न बाप्पा. रोवन्या आटोपल्या होत्या आमच्या. तुमची मावशी सोमवारी बायाइले घेऊन आली होती, पन निंदाले, गवत काढाले."

माझा चेहरा बघून त्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "लागत असन त देतो लिहून. कागदच त हाय."

खोटा दाखला मी घेत नाही. कोणाकडूनच नाही. मी तडक गावात आले आणि मावशीच्या घरात शिरले. ती जमिनीवर बसून लाखोरीची डाळ निवडत होती.

"मावशी, गेट उघडलंच नव्हतं."

"बस."

"मी जिल्हाभर पत्रकं वाटली. खोटी."

"ओळीत ये, मंग बोल."

म्हणजे शेजारी बस आणि हात चालव. मी बसले आणि रागारागानं खडे वेचू लागले. तिनं अर्धं सूप निवडून काढलं. मग सुपातून डोळे न काढता म्हणाली, "वनमालाच्या नवऱ्याची बरसी."

"तिचं काय?"

"मी तारखेनं मोजलं. आपल्यात पुन्यस्मरन तारखेनंच असते न. तारखेनं वर्ष होऊन गेलं होतं, म्हनून तो सोमवार धरला. त्यायच्या वरच्या आळीत तिथीनं असते. अन् यंदा धोंड्याचा महिना घुसला मधात. बरसी गेली पुढं, श्रावनात. शनवारी तिची सासू बोलता बोलता बोलली, तवा मले समजलं. बरसी होयपर्यंत तिले हौसेनं कुठं जाता येत नाई."

"ही सासूची जुलूमशाही आहे," मी म्हटलं.

"सासू वाईट नाई. पोरगा तिचाच होता."

मी दोन खडे टाकले. "मग सरळ सांगायचं होतं सगळ्यांना."

"सांगतलं असतं, त वनमाला म्हनाली असती, तुमी जा, मी नाई येत. अन् बाया म्हनाल्या असत्या, हिच्यापायी तिकिटं बुडाली. तोंडानं नसत्या म्हनाल्या. मनात म्हनाल्या असत्या. मनातलं रोज ओळीत उभं राहते मंग." तिनं सूप एकदा हलवलं. "म्हनून पान्यावर ढकललं. पानी काही मनाले लावून घेत नाई."

"आणि माझी पत्रकं?"

"चांगले होते. टपरीवर भजे बांधून आले त्याच्यात. शाई नाई लागली."

दाखला नव्हता. महिना संपत आला होता. बरसी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मावशीला घेऊन नागपूरची बस पकडली. मला ठाऊक होतं की दाखल्याशिवाय तारीख मिळणार नाही, आणि तारीख नाही मिळाली तर मधात उभ्या वनमालाला टोळीसोबत हसवायची संधी मावशीला परत मिळणार नाही. टोळी पुढच्या वर्षी पुन्हा तिकिटं काढेल अशी कोणाची ऐपत नव्हती. वाटेत मी भाषण तयार केलं.

मॅनेजरची खोली काचेची आणि थंडगार होती. तो तरुण होता, डोक्यावर हसऱ्या मगरीची टोपी. नोकरीचा भाग असावा. त्यानं दाखला मागितला. मी सरळ सांगितलं, पाणी सुटलंच नव्हतं. टोळीतली एक बाई त्या दिवशी येऊ शकत नव्हती. तिचं कारण मी सांगणार नाही.

मगर हसत राहिली, तो हसेना. "ताई, एका व्यक्तीसाठी मी बारा जणींची तारीख कशी बदलू? अकरा येऊ शकत होत्या ना."

मी भाषण सुरू करणार तेवढ्यात मावशीनं काचेबाहेर बोट दाखवलं. बाहेर एक भला मोठा पाळणा लोकांना आकाशात नेऊन उलटा करत होता.

"बाबू, त्याच्यात बसल्यावर पट्टा लावता?"

"हो मावशी, प्रत्येकाला."

"एका जागीचा पट्टा तुटला, त पाळना चालवता?"

"छे. बंद ठेवावा लागतो."

"काहून? बाकीच्याइचे त धड हायेत."

त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली, डोकं खाजवलं आणि संगणकाकडे वळला. तिथे तारीख बदलण्याचं कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पर्याय चारच: आजारपण, अपघात, खराब हवामान, इतर. त्यानं 'इतर' दाबलं. कौतिकामावशीची सगळी माया त्या कंपनीच्या संगणकात 'इतर' या नावानं जमा आहे. ज्याला बघायची असेल त्यानं जाऊन बघावी. आणि दोन दिवस आधी कळवण्याचा तो नियम अजून तसाच आहे हेही मी इथे नोंदवते. मॅनेजर चांगला निघाला म्हणून नियम चांगला होत नाही.

मावशी त्याच्याकडे बघत, हात जोडून, उलटी बाहेर पडली आणि दाराशी रचलेल्या रबरी ट्यूबांच्या ढिगात बसली. तिला काढायला दोघं लागले.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आम्ही निघालो. बसमध्ये ओळ लागली. वनमाला मधात. शकुनकाकू माझ्या पुढच्या बाकावर होती. ती मान वळवून हळूच म्हणाली, "ताई, तुमाले खरं वाटलं होतं का पान्याचं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"गेट उघडलं की पान्याचा आवाज आमच्या गावापर्यंत येते. बहिऱ्या हाओ का आमी?" तिनं एकदा मावशीकडे बघून घेतलं. "सोमवारी निंदाले नेलं, आमी निंदलं. मावशी म्हने पानी उद्यावर गेलं, आमी म्हटलं गेलं असन. तिले कायले सांगाव? तिचा जीव हलका राहते."

मी गप्प बसले. माझ्यासाठी हे नवीन आहे, पण बसले.

माझं तिकीट मी दारावर वेगळं काढलं. पार्कात नायलॉनचे कपडे भाड्यानं मिळतात. बायांनी ते हातात धरून बघितले, हसल्या आणि परत दिले. मग तिथल्याच माणसाशी हुज्जत घालून नायलॉनच्या पँटी आणि वर पुरुषांचे शर्ट घेतले. रोवणीतही नवऱ्याचा सदराच घालतात, त्यामुळे सगळ्या कामावर आल्यासारख्या दिसत होत्या. लाटांच्या हौदात उतरल्या आणि कोणी काही न सांगता ओळ लागली. लाट आली. बाराही जणी कमरेत वाकल्या आणि एकदम एक पाऊल मागे सरकल्या. पुढची लाट, पुढचं पाऊल. नागपूरची पोरं मोबाईल काढून बघत राहिली. शिट्टीवाला गार्ड काठावरून ओरडत होता, "आंटी, आगे आओ, मजा आगे है." एकही पुढे गेली नाही.

तिसऱ्या की चौथ्या लाटेला वनमालाचा तोल गेला. ती पाण्याखाली गेली, शकुनकाकूनं ओळीतली जागा सोडून तिला दंडाला धरून वर ओढली, आणि वर येताना ती हसत होती. ठसका, नाकात पाणी आणि हसणं. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. हसता हसता तिनं शकुनकाकूलाच पाण्यात ढकललं, आणि त्यानंतर ओळ अशी काही राहिली नाही.

ओळ मोडली तरी मावशी काही बोलली नाही. ती घसरगुंडीकडे निघून गेली होती. तिथे उलटी बसण्यावरून तिचं गार्डशी भांडण झालं, ती जिंकली आणि आकाशाकडे तोंड करून, डोकं खाली पाय वर अशी हौदात येऊन पडली. मग केस पिळत माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. समोर बाया एकमेकींना बुडवत होत्या.

"माह्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी," ती म्हणाली, "टोळी ट्रकात बसून नागपूरले गेली होती. आमच्या घरी मयत झाली होती, मी मागं राहिली. कोनी वाईट नाई वागलं. आल्यावर मले बांगड्या आनल्या त्यायनं. पन मंग रोवनीत कोनी एक शब्द काढे, 'तो जिना' म्हने, की ओळीतल्या सगळ्या हसत. मीही हसो. वर्षभर हसली. काहून हसून राहिली ते मात्र मले कदी समजलं नाई."

"विचारायचं होतं की."

"विचारलं. सांगतलंही त्यायनं. सांगून नाई समजत ते."

हौदातून वनमालानं हाक मारली, "मावशी, या न वो." मावशी उठली आणि गेली. सरळ गेली की उलटी, ते मी बघितलं नाही. मला डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता, तिथल्या पाण्यात औषध फार टाकतात.

आता वाचणाऱ्याकडे एक मागणी. विनंती मी कोणाला करत नाही. तुमच्या गल्लीची, कचेरीची, भिशीची सहल ठरेल तेव्हा तारीख आधी ठरवू नका. आधी शोधा की कोणाला जमत नाही. ते माणूस स्वतःहून सांगणार नाही, म्हणून तुम्हीच शोधा. सापडलं की सगळ्यांची तारीख बदला. लोक चिडतील, तिकीटवाला नियम दाखवेल, तेव्हा कारण स्वतःच्या अंगावर घ्या, आणि त्या माणसाचं नाव कोणालाही सांगू नका.